बारोलो, अळणी मटण आणि कृष्णाकाठची वांगी

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले, की बारोलो ही इटलीची लाल वाईन चकण्याबरोबर प्यायची नव्हे, ती जेवणाच्या ताटाशेजारी ठेवायची. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या महिन्याचं सदर त्यालाच देऊन टाकते. काही पत्रं चांगली चार-चार पानी होती. ती आवरून छापतेय, रागावू नका.

प्रश्न: मुलगा मिलानला असतो. दिवाळीला येताना त्यानं बारोलोची बाटली आणली, २०१९ ची. म्हणतो, दहा वर्षं ठेवा. मी आताच एकाहत्तरीचा आहे. एप्रिलात बँकेतले जुने सहकारी जेवायला यायचेत, तेव्हा उघडू का? आमच्याकडे मटण जाळ असतं, ते चालेल ना? – निवृत्त बँक अधिकारी, विश्रामबाग, सांगली

उत्तर: उघडा, साहेब. मुलाचं चूक नाही, पण त्याचा सल्ला तिकडच्या तळघरासाठी आहे, जिथं बारा महिने बारा-चौदा अंशांच्या आसपास तापमान असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि स्लॅबखालच्या खोलीच्या भिंती मध्यरात्रीही हाताला गरम लागतात. असे दोन-तीन उन्हाळे काढले की वाईन मुरायची राहते बाजूला आणि शिजून निघते. फळाचा वास जातो, शिळ्या मनुकांचा येतो. कधी कॉर्क वर सरकतो आणि बाटलीच्या गळ्याशी चिकट ओघळ दिसतो. वाईनचा वेगळा फ्रिज घरात असेल तर खुशाल ठेवा. नसेल तर मुलाला सांगा, पुढची बाटली तिकडेच ठेव, आम्हीच येतो प्यायला.

बारोलो येते इटलीच्या वायव्येकडच्या पिएमोंते प्रांतातून, आल्बा गावाजवळच्या लांगे टेकड्यांवरून. द्राक्ष एकच, नेबिओलो. त्यात दुसऱ्या जातीचा थेंब चालत नाही. नियम असा, की काढणीच्या वर्षातल्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने ती मुरली पाहिजे, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. लेबलवर ‘रिझेर्व्हा’ असेल तर ६२ महिने. म्हणजे तुमची २०१९ ची बाटली २०२३ उजाडल्याशिवाय विकायला आलेलीच नाही. ते साल तिकडे चांगलं मानतात, पण बारोलोच्या हिशेबात ती अजून कोवळी आहे. तुरटपणा चांगला अंगात असणार. तेव्हा तिला हवा द्यायला हवी. नुसता कॉर्क काढून ठेवण्यात काही अर्थ नाही, त्या गळ्यातून हवा ती किती जाणार? दुपारी डिकँटरमध्ये, म्हणजे वाईन ओतून ठेवायच्या रुंद काचेच्या भांड्यात, सगळी ओता. तो नसला तर सरबताचा जग चालतो, फक्त त्याला साबणाचा वास नको. दोन-तीन तासांनी नरसाळ्यानं परत बाटलीत भरा, कॉर्क लावा आणि पानं घ्यायच्या आधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. जगच फ्रिजमध्ये ठेवाल तर वाईनला कोथिंबीर-लसणाचा वास लागेल.

लाल वाईन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची असं सगळे सांगतात. ती रूम युरोपातली, थंडीतली. आपल्याला हवेत सोळा ते अठरा अंश, म्हणजे माठातल्या पाण्याहून जरा गार.

आता मटण. जाळ मटण नको, हे पहिल्यांदा सांगते. बारोलोत अल्कोहोल साधारण चौदा टक्क्यांच्या आसपास असतं आणि मिरचीच्या जळजळीवर अल्कोहोल म्हणजे तेल ओतणंच. त्यात टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरटपणा. तोंड आधीच सोललेलं असेल तर ते आणखी खरखरीत लागतं. तुमचे सहकारी एक घोट घेतील, मान डोलावतील आणि हळूच पाण्याचा तांब्या ओढतील. चार-पाच हजारांची वाईन आणि तिची चव कुणालाच कळली नाही, असं होईल.

पण मटण हवंच. टॅनिन प्रथिनाला जाऊन चिकटतं. रिकाम्या तोंडी प्यालं की लाळेतल्या प्रथिनाला चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. तोंडात मांस आणि चरबी असली की त्याला धरायला तेच मिळतं आणि वाईन एकदम मऊ होते. तिकडे गोमांसाचा मोठा तुकडा वाईनमध्येच तासन्‌तास मंद आचेवर शिजवतात, ते याच हिशेबानं. (आपण मात्र बारोलो पातेल्यात ओतायची नाही. मला ते बघवणार नाही.)

आणि आपल्या घरात या वाईनला बरोब्बर जुळणारा पदार्थ आधीपासून आहे. तिखट घालायच्या आधी पोरांसाठी वाटीत काढून ठेवतो, ते अळणी मटण. पाहुण्यांना ते कोण वाढतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या पायाचं, थोडं चरबीचं, हाडासकट मटण घ्या. हळद, मीठ, आलं-लसूण चोळून तासभर ठेवा. कुकर नको. जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून, मंद आचेवर दोन तास. शिजत आलं की दुसऱ्या भांड्यात साजूक तुपात कांदा चांगला चॉकलेटी होईपर्यंत परता, त्यात जाडसर कुटलेली काळी मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र आणि चमचाभर भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण घाला. मटण त्यात टाकून रस अंगाबरोबर येईपर्यंत आटवा. कांदा-लसूण मसाल्याशिवाय घरातल्यांचं समाधानच होणार नसेल तर अर्धा चमचा, वासापुरता. पांढरा रस्सा मी तरी या वाईनबरोबर देणार नाही. नारळाच्या दुधाच्या गोडीपुढे ती रोडावते. सोबत ज्वारीची भाकरी, तीही गरम. लिंबाची फोड ताटात ठेवू नका, कारण ठेवली की पिळली जाते.

तांबडा रस्सा हवाच असेल तर बाटली संपल्यावर आणा. सहा जणांत एक बाटली म्हणजे माणशी सव्वाशे मिलि. वेळ लागणार नाही.

प्रश्न: आमची द्राक्षबाग आहे, निम्मी सोनाका, निम्मी काळी शरद. पुतण्यानं पुण्यात बारोलो पाजली. रंग एवढा फिका, की पाणी घातलंय असं वाटलं. आमचं काळं द्राक्ष मिक्सरला लावलं तरी याहून गडद निघतं. मग एवढे पैसे कशाचे? आणि बेदाण्याची वाईन होते म्हणतात, ते खरं का? – बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण हा प्रश्न बागेत उभं राहिलेल्या माणसालाच पडतो. पलूसच्या वाईन पार्कातल्या एका वाईनरीत मी प्रयोगशाळा सांभाळायचे, तिथंही नवीन पोरं रंगावरूनच वाईनची किंमत करायची. नेबिओलोचा रंग मुळातच हलका आणि टिकायलाही कच्चा. चार-सहा वर्षांत कडेला विटकरी छटा येते. टॅनिन मात्र भरपूर. डोळ्यांना नाजूक आणि तोंडात एकदम पहिलवान, अशी ती जात आहे. भेसळीचा संशय सोडा.

पैसे कशाचे, ते तुम्हाला टनांत सांगते. बारोलोच्या बागेत हेक्टरी ८ टनांवर माल घ्यायला नियमानं बंदी आहे. एकरी सव्वातीन टन. तुम्ही एकरी दहा-बारा टन काढता आणि तरी हिशेब जुळत नाही म्हणता! तिथं त्याहून कमी माल ठेवणारेही आहेत, उन्हाळ्यात हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात. तुम्ही जीएचे, म्हणजे वाढीच्या संजीवकाचे, डिप देऊन मणी फुगवता, कारण बाजाराला जाडी हवी. वाईनवाल्याला मणी लहान राहिला तर आनंद, कारण रसाच्या मानानं साल जास्त मिळते, आणि रंग, वास, तुरटपणा सगळा सालीत आणि बियांत. तुमची शरद बिनबियांची, खायला करकरीत. तिच्याकडून बारोलो मागणं म्हणजे तिच्यावर अन्याय.

आणखी एक गंमत. आपण एप्रिलात खरड छाटणी घेतो आणि ऑक्टोबरात फळछाटणी. आपली वेल झोपतच नाही. तिकडे हिवाळ्यात ती पानं गाळून थंडीत गाढ झोपते, छाटणी एकदाच. नेबिओलो पिकायलाही उशीर लावते. तुमच्या बागेत फळछाटणीच्या कात्र्या चालू असतात, त्याच ऑक्टोबरात तिथं धुक्यात तोडणी चाललेली असते. पाऊस आला की त्यांच्याही पोटात गोळा येतो, तो मात्र अगदी आपल्यासारखाच.

बेदाण्याचं अर्धं खरं आहे. व्हेरोना शहराजवळ वालपोलिचेल्ला भागात अमारोने नावाची वाईन करतात. त्यात मुख्य द्राक्ष कोर्व्हिना. घड तोडून हवेशीर माळ्यावर, क्रेटमध्ये एकेरी थरात पसरतात आणि साधारण तीन-साडेतीन महिने तसेच सुकू देतात. वजन तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटतं, साखर दाटते, मग थंडीत ते चेपून आंबवतात. अल्कोहोल पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत जातं. पण तो बेदाणा नव्हे. घड सुरकुततात, आत रस असतो. आपण पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमधल्या जाळीवर टाकतो, आपल्या कोरड्या हवेत माल पंधरवड्यात तयार होतो, त्यात पिळायला काही उरत नाही. तेव्हा तुमच्या शेडमध्ये अमारोने होईल हा विचार काढून टाका. बेदाण्याचा भाव बघा, तेवढं पुरे. पुतण्या कधी अमारोने घेऊन आलाच, तर काळ्या मसाल्याचं, चुलीवर आटवलेलं सुकं मटण करा. ती बारोलोपेक्षा गोलाईची असते, मसाला झेलते. तिखट मात्र तिथंही आवरा, अल्कोहोल जास्त आहे.

प्रश्न: आमच्या घरी मांसाहार नाही. मग बारोलो आमच्यासाठी नाहीच का? पनीर टिक्क्याबरोबर चालेल? – एक वाचक, मिरज

उत्तर: चालेल, पण पनीरला स्वतःचं काही म्हणणं नसतं, आणि टिक्क्यातलं दही-लिंबू-तिखट वाईनशी भांडतं. तुम्ही मिरजेच्या, दारात कृष्णाकाठची वांगी मिळतात, ती सोडून पनीर कशाला? पांढुरकी, मोठी, कमी बियांची वांगी निखाऱ्यावर भाजा. गॅसवर भाजलीत तरी साल पूर्ण काळी होऊ द्या. धुराचा वास या वाईनला फार मानवतो. सोलून काट्यानं मोडा, त्यात गरम तूप, मीठ, मिरी, तव्यावर परतलेला लसूण आणि दाण्याचं जाडसर कूट. हिरवी मिरची, कच्चा कांदा, दही नको. भरली वांगी मला स्वतःला जास्त आवडतात, पण त्यात चिंच-गूळ पडतो आणि गोडामागून बारोलो नुसती आंबट-कडवट लागते. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी यांच्या आसपासही तिला आणू नका.

दुसरा पदार्थ, अख्खा मसूर. कराड-इस्लामपूरच्या ढाब्यांवर मिळतो तसाच, फक्त वरची तेलाची तर्री आणि तिखट कमी. मसूर रात्री भिजवून मंद शिजवा, कांदा काळपट परता, शेवटी पांढऱ्या लोण्याचा गोळा सोडा. डाळीतलं प्रथिन आणि लोण्यातली चरबी मिळून मांसाचं काम बऱ्यापैकी करतात.

आणि हे करून बघाच: पिएमोंतेत अंड्याच्या पिवळ्या बलकात मळलेल्या अगदी बारीक शेवया करतात, ताजारिन. त्यावर लोणी, वर जमलं तर आल्ब्याची पांढरी ट्रफल, म्हणजे जमिनीखाली उगवणारी वासाची अळंबी, किसून. ट्रफल सोडा. अंडं चालत नसेल तर आपल्या गव्हाच्या हातशेवया मिठाच्या पाण्यात उकडा, निथळा, लोण्यात घोळवा, तुपावर परतलेले मशरूम, मिरी आणि जुनं मुरलेलं कडक चीज वरून किसून घाला. चौकोनी तुकड्यांचं डब्यातलं चीज नको, त्यात मीठ आणि रबर याशिवाय काही नसतं. मशरूमना मात्र चांगला रंग येऊ द्या आणि मीठ बेतानं का होईना, पण घाला. मिठानं तुरटपणा बोथट होतो.

प्रश्न: वाईनच्या माहितीत लिहिलं होतं: गुलाब, डांबर, चेरी, ज्येष्ठमध. मला फक्त दारूचा वास आला. माझं नाक बिघडलंय का? – आयटीतला नोकरदार, सदरबझार, सातारा

उत्तर: नाक ठीक आहे, वाईन गरम असणार. वीस अंशांच्या वर गेली की अल्कोहोल आधी नाकात शिरतं, बाकीचे मागे राहतात. आणि ग्लास कसला होता? स्टीलचा पेला, भरून, असं असेल तर विषयच संपला. पोटात रुंद, तोंडाशी अरुंद असा काचेचा ग्लास घ्या आणि तिसरा हिस्साच भरा. खोलीत उदबत्ती नको, अंगावर अत्तर नको, स्वयंपाकघरात फोडणी चालू नको.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. मधे डाळिंबी, कडेला विटकरी दिसेल. आता ग्लास न हलवता एकदा वास घ्या, मग दोन-तीन वेळा फिरवून पुन्हा. दोन्हींत फरक पडतो. गुलाब म्हणजे ताजं फूल शोधू नका. गुलकंदाची जुनी बरणी उघडल्यावर येतो तो वास. डांबर म्हणजे भर दुपारी तापलेला नवा रस्ता, हायवेला राहणाऱ्यांना मी काय सांगणार. चेरी आपण लहानपणी खाल्लेली नसते, ती जॅममधली लाल गोळी म्हणजे चेरी नव्हे. त्याऐवजी वाळलेली करवंदं, आलुबुखार आठवा. ज्येष्ठमध तर घरात असतोच. बाटली जुनी असली तर मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल नाकाशी धरा आणि मग ग्लास, तो पालापाचोळ्याचा, ओल्या मातीचा वास लगेच सापडेल. आपली नाकं मसाल्यांवर पोसलेली आहेत. शब्द इटलीतून आणायला जाता, म्हणून अडता.

मग छोटा घोट, तोंडात फिरवून, ओठांतून जराशी हवा आत ओढून. आधी आंबटपणा, तोंडाला पाणी सुटतं. मग वरचा ओठ आतून दातांना चिकटल्यासारखा होतो, ते टॅनिन. गिळल्यावर वास किती वेळ मागे राहतो ते बघा. चांगल्या बारोलोत तो रेंगाळतो, आणि गंमत म्हणजे तोंडातला गुलाब नाकातल्यापेक्षा स्पष्ट असतो. आता भाकरीचा तुकडा तुपात बुडवून खा आणि दुसरा घोट घ्या. माझ्या मते परीक्षा या दुसऱ्या घोटाची. पहिल्या घोटावर ‘फार तुरट’ म्हणून ग्लास बाजूला सारणारे पुष्कळ पाहिलेत, घासाबरोबर तेच पुन्हा मागून घेतात.

वास घेताना ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद खोलीतल्या रद्दीसारखा वाटला आणि हवा देऊनही गेला नाही, तर कॉर्कचा दोष आहे. ती बाटली दुकानदाराला परत करा, लाजू नका.

आता फुटकळ प्रश्न एकदमच घेते.

भडंगाबरोबर चालेल का, असं तिघांनी विचारलंय. नाही. भडंगाला ताक द्या.

मासे? तेही नाही. लाल वाईनमधलं लोह आणि माशाची चरबी एकत्र आली की तोंडात गंजक्या खिळ्याची चव येते.

बर्फ किंवा सोडा? बाटली तुमची, पण गारव्यानं तुरटपणा आणखी बोचरा होतो आणि पाण्यानं वास पातळ. मग दुसरं काहीतरी प्या ना.

तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, अपाय नाही. आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा आणि शेवटचा बोटभर भाग ओतू नका. उरलीच तर कॉर्क लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस.

‘रोज एक ग्लास हृदयाला चांगला’ हे खरं का? मला तसं सांगता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय, की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. आवडते म्हणून, क्वचित आणि थोडी प्या. औषध म्हणून नको.

प्रश्न: बारोलो आम्हाला परवडणारी नाही. आमच्या रोजच्या, जरा तिखट जेवणाला चालेल अशी इटलीची लाल वाईन कोणती? – गृहिणी, कराड

उत्तर: बार्बेरा. त्याच पिएमोंतेतली, बारोलो करणारे लोक स्वतः रोजच्या जेवणाला जी घेतात त्यांतली एक. टॅनिन कमी, आंबटपणा भरपूर, त्यामुळे टोमॅटोचा रस्सा, झुणका, मध्यम तिखटाची उसळ यांच्याशी तिचं जमतं. लेबलवर ‘बार्बेरा द’आस्ती’ किंवा ‘बार्बेरा द’आल्बा’ असं असतं. नेबिओलोचीच चव हवी असेल तर ‘लांगे नेबिओलो’ बघा, बारोलोपेक्षा पुष्कळ स्वस्त आणि लवकर प्यायला तयार. बार्बारेस्को शेजारचीच, २६ महिन्यांत बाजारात येते, पण तीही खिशाला हलकी नाही. आपल्या शहरांतल्या दुकानांत ही नावं नेहमी नसतात, पुण्याला कुणी जाणार असेल त्याला लिहून द्या. बार्बेरा थोडी जास्त गार चालते. फ्रिजमधून काढा, भाकऱ्या थापायला घ्या, तिसरी-चौथी भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत ती प्यायला बरोबर होते. त्या दिवशी ठेचा मात्र ताटात वाढू नका, बरणीतच राहू दे.